पायाखालची प्लेट

“झाक डोळं, केरबा. झाकलास? का फटीतनं बघतोयस?”

“मी काय लपंडाव खेळाय बसलोय व्हय रं? टाक तू.”

सिकंदरचाचांनी हातातला तुकडा बग्गीत टाकला. धाड्‌! ड्रायव्हरच्या सीटवर बसलेल्या आण्णांनी वर उचलून धरलेले दोन्ही अनवाणी पाय त्याच्यावर ठेवले, टाच जराशी इकडंतिकडं फिरवली आणि ओठ चावून विचार केल्यासारखं केलं.

“पट्टा,” ते म्हणाले. “हिंदुरावच्या कारखान्यातल्या मशीनचा. चोरून आणलेला.”

“चोरून कुणी आणला रं?” टायरवर बसलेले हिंदुरावकाका उसळले. “भंगारात टाकलेला, सांगून आणलाय! सगळी हयात त्या साखर कारखान्यात घातली, एवढा वीतभर पट्टा मागायचा हक्क न्हाई व्हय मला?”

“बघा, ओळखला का न्हाई?” आण्णा डोळे झाकूनच हसले. “आता दुसरं टाक.”

आण्णा म्हणजे माझे वडील, केरबा चौगुले. पाटबंधारे खात्यात त्यांनी जन्मभर जीप चालवली, धरणांच्या कच्च्या रस्त्यांवर, आणि तीही अनवाणी. बूट घातला की पाय पोत्यात घातल्यासारखा होतो म्हणायचे. इंजिन चालू ठेवून गाडीच्या पत्र्यावर नुसता तळवा टेकवला की कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचे. कोल्हापुरात उद्यमनगरच्या गॅरेजवाल्यांत तर बोलायची पद्धतच पडली होती. एखादी गाडी कुणालाच उमगेना झाली की म्हणायचे, केरबाआण्णांचा पाय आणा. आण्णा जायचे, चप्पल काढायचे, पाय टेकवायचे, चहा प्यायचे आणि परत यायचे. मला लहानपणी वाटायचं सगळ्यांच्याच वडिलांचे पाय असे असतात.

रिटायर झाल्यावर त्यांनी, सिकंदरचाचांनी आणि हिंदुरावकाकांनी मिळून ही बग्गी बांधली. जुन्या जीपचं इंजिन, वर पाइपांचा सांगाडा, दारं नाहीत, काचा नाहीत. गगनबावड्याच्या वाटेवर एका माळावर दरवर्षी अशा गाड्यांची शर्यत भरायची. चिखल, ओढा, दगडाचा चढ. तीन म्हातारे वर्षभर त्या एका दिवसाची वाट बघायचे. आमची आई म्हणायची, या तिघांना एकाच पाळण्यात घालून झोका द्यायला पाहिजे.

ती शनिवारची सकाळ होती आणि रविवारी शर्यत. पावसाळ्यात बग्गीचा खालचा पत्रा कुजला होता. चाचांनी नवा पातळ पत्रा जोडला होता, पण त्याच्यावर टिकाऊ असं काय घालायचं ते ठरत नव्हतं. साताऱ्याच्या नोकरीतून मी मुद्दाम रजा काढून आले होते ते एवढ्याचसाठी.

कारण त्या पातळ पत्र्याच्या खालून, दोन बोटांवरून, सायलेन्सरचा तापणारा पाइप जात होता. आणि आण्णांना शुगर होती.

आमच्या थोरल्या चुलत्यांची गोष्ट घरात कुणी विसरलं नव्हतं. पायाला साधा फोड, मग बोट, मग पाऊल, मग सगळा पाय, आणि वर्षाच्या आत माणूसच. आण्णांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, “चौगुले, तुमचेही पाय त्याच वाटेनं चाललेत. अनवाणी फिरायचं नाही. पायाला जखम झाली तर माझ्या हातात काही राहणार नाही.” मी आणलेले बूट आण्णांनी खोक्यातून बाहेरसुद्धा काढले नाहीत. विचारलं की म्हणायचे, “मुंग्या येत्यात गं जरा. बाकी सगळं कळतंय मला.”

मी घरातून निघताना आई म्हणाली होती, “उजू, बूट ते घालणार नाहीत. बग्गी सोडणार नाहीत. निदान खाली काहीतरी जाड घालून घे. तेवढं तरी कर बाई.”

म्हणून मी गोठ्यात म्हशींच्या खाली घालतात ती रबराची मॅट घेऊन आले होते. चांगली जाडजूड, वर गोल गोल टिकल्या. म्हशीचं वजन, खूर, शेण, मूत सगळं सोसते, वर्षानुवर्षं फाटत नाही, पाण्याचा पाइप मारला की स्वच्छ. मी ती खांद्यावर टाकून गॅरेजात आले तेव्हा तिघंही इतके हसले की शेजारच्या लेथवाल्यानं मशीन बंद करून डोकावून बघितलं.

“ए केरबा, धार काढाय बस की आता!” हिंदुरावकाका म्हणाले.

“हसा,” मी म्हटलं. “पण तीच बसणार.”

“कशी बसंल?” आण्णा म्हणाले. “रबरावर पाय बहिरा हुतो. गाडी काय बोलती ते कळाय नको? मी पायानं निवडणार. डोळं झाकून. सगळं एकेक टाका, आधी वळखतो, मग निवडतो. जे माझ्या पायाला पटंल ते घालायचं. हाय कबूल?”

मी कबूल म्हटलं. काय करणार? त्यांच्या पायापुढं आमच्या घरात कधी कुणाचं चाललं नव्हतं.

तर अशी ती परीक्षा चालली होती. काथ्याची चटई चाचांनी टाकली, ती आण्णांनी ओळखली आणि लगेच बादही केली. चिखलात एकदा भिजली की वाळायचं नाव नाही, कुजून वास मारते. मग पट्टा झाला. पट्टा मजबूत, पण कापडाचे पदर एकावर एक चिकटवलेले, कडेनं पाणी शिरलं की सुटायला लागतात, हे खुद्द हिंदुरावकाकांनीच कबूल केलं आणि मग स्वतःवरच चिडले. मग चाचांनी ॲल्युमिनियमची चेकर प्लेट, वर उठावाच्या रेघा असलेली, टाकली, ती पत्र्यावर अशी खणाणली की माझे दात शिरशिरले.

“प्लेट,” आण्णा लगेच म्हणाले. “हां. ही खरी.”

“चाचा, जरा सावकाश ठेवा की,” मी म्हटलं. “केवढ्यानं आदळताय!”

“हात घामेजलाय गं पोरी, निसटतंय,” चाचा म्हणाले आणि माझ्याकडं न बघता हात पँटला पुसले.

“परत एकदा,” आण्णा म्हणाले. त्यांना मजा येत होती. “उलटसुलट करून टाका. माझ्या लेकीला बघू दे तिचा बाप अजून काय चीज हाय.”

तेवढ्यात बाहेर एका टेंपोवाल्यानं हॉर्न लावला. चाचांनी आडवी लावलेली जीप त्याच्या वाटेत होती. तो काही थांबायला तयार नव्हता. चाचा “आलो, आलो रं बाबा” करत बाहेर पळाले.

आण्णा तसेच डोळे मिटून, पाय वर उचलून बसले होते. हातांनी सांगाड्याचा पाइप घट्ट धरला होता.

“टाक की गं उजू. पाय अवघडलं माझं.”

मी माझी मॅट उचलली. आम्हा बायकांना घरात वस्तू आदळायची सवय नसते. आपल्या हाताला वळणच असं लागलेलं असतं की झोपलेल्या माणसाशेजारी ताट ठेवावं तसं ठेवतो. मी ती मॅट दोन्ही हातांनी अलगद त्यांच्या पायाखाली सरकवली आणि कोपरे नीट केले.

आण्णांनी पाय खाली ठेवले. टाच फिरवली. टिकल्या त्यांच्या तळव्याखाली दबलेल्या मला दिसत होत्या.

मग त्यांनी मान तिरकी केली, काहीतरी ऐकू येईल म्हणून वाट बघितल्यासारखी.

“प्लेट,” ते म्हणाले.

मी मॅटकडं बघितलं.

“प्लेटच,” ते परत म्हणाले, आता जरा मोठ्यानं. “काय गार लागतीया बघ. पाय कसा निवला माझा.”

अहो, काय सांगू तुम्हाला. मुंग्या येतात, बाकी सगळं कळतं, असं वर्षभर ऐकत आले होते मी. ते सगळं कळणं म्हणजे चाचांनी आदळलेल्या तुकड्याचा आवाज होता. हे माझ्या ध्यानात आलं आणि मी हिंदुरावकाकांकडं बघितलं. ते टायरवरून अर्धवट उठले होते. त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली, नको म्हणून. डोळे पाण्यानं भरलेले. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं.

मला बोलायचं होतं. आण्णा, ही मॅट आहे, तुम्हीच कबूल केलंय, तुमच्या पायाला पटली, आता हीच घालायची. जिंकले होते मी. एवढंच म्हणायचं होतं आणि आईचं काम झालं असतं. पण ते म्हणणं म्हणजे त्यांच्या दोस्तासमोर, त्यांच्या गॅरेजात त्यांना सांगणं की आण्णा, तुमचा पाय गेला. तो कापायच्या आधीच गेला.

“होय आण्णा,” मी म्हटलं. “प्लेटच आहे.”

त्यांनी डोळे उघडले.

मला वाटलं होतं मॅट ओढून घ्यायला वेळ मिळेल. नाही मिळाला. त्यांनी मान खाली घालून पायाकडं बघितलं. काळी मॅट, गोल टिकल्या, त्यावर त्यांचे ते रुंद, भेगाळलेले पाय. बाहेर टेंपोवाला चाचांशी हुज्जत घालत होता, ते सगळं ऐकू येत होतं.

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. तसं बघताना मी त्यांना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

“मग ठरलं,” ते म्हणाले. “प्लेटच घाला.”

आणि उतरून, पाइप धरत धरत, नळावर तोंड धुवायला गेले.

चाचा परत आले तेव्हा मी त्यांना गॅरेजच्या मागं गाठलं.

“कधीपासनं माहीत आहे तुम्हाला?”

त्यांनी उगाच इकडचा पाना तिकडं ठेवला. “गेल्या दिवाळीपासनं. त्याच्या पायात खिळा घुसला हुता, अन्‌ त्यो चहा पीत गप्पा मारत हुता. मीच उपसून काढला. त्याला म्हटलं, काटा हुता बारका.”

“आणि तुम्ही गप्प बसलात? वर आदळून आदळून सांगताय त्यांना काय टाकलं ते?”

“मग काय करू? सांग तूच. अजून लोक येत्यात गं, केरबाआण्णांचा पाय आणा म्हणून. मी आधी आवाजावरनं काय झालंय ते काढतो, अन्‌ बोलता बोलता त्याच्या कानावर घालतो. मग त्यो पाय टेकवतो अन्‌ सांगतो. त्या दिवशी जेवतो बघ पोटभर.” चाचांनी हात परत पँटला पुसले. “पाय जायाचा त्यो जाईलच म्हणत्यात. माणूस कसा घालवू मी?”

“आणि फोड आला म्हणजे? चुलत्यांचं झालं ते झालं म्हणजे? तेव्हा काय आदळणार आहात?”

त्यांनी तोच पाना परत उचलला. मला त्यांचा इतका राग आला होता, आणि तेवढ्यात आठवलं, की आत्ताच मीही तेच करून आले होते.

शेवटी आम्ही दोघांनी मिळून एक चोरी केली. खाली माझी मॅट कापून घातली आणि तिच्यावर प्लेट बसवली. वरून बघितलं तर नुसती प्लेट. चाचांनी बोल्ट आवळले. मला जरा हुशारी वाटायला लागली. म्हटलं, चला, दोघांचंही झालं.

आण्णा बग्गीत बसले. क्लच दाबला, सोडला. ब्रेक दाबला.

“हे काय केलंसा?”

“काय केलं?” चाचा म्हणाले. “तू म्हणलास ती प्लेट.”

“खाली काय हाय?”

“खाली काय असणार? पत्रा.”

“मला खुळा समजतोस व्हय रं? टाच वर आलीया. ब्रेक पुरता खाली जाईना, उतारावर दगा देणार ह्यो. माझं गुडघं सांगत्यात मला. पायाला न्हाई कळलं तरी गुडघ्याला अजून...”

आम्ही तिघं उभे होतो, तिघांपैकी एकालाही वर बघायचा धीर झाला नाही.

“काढा ते,” आण्णा हळू आवाजात म्हणाले.

ब्रेकचं त्यांचं म्हणणं खरंच होतं. चाचांनी स्वतः दाबून बघितला आणि बोल्ट सोडायला बसले. मॅट बाहेर काढली, प्लेट थेट पत्र्यावर बसवली. मी ती कापलेली मॅट गुंडाळून कोपऱ्यात ठेवली. मला दुसरं काहीही सुचलं नाही.

संध्याकाळी आईनं विचारलं, “घातलंस काय खाली?”

“प्लेट घातली.”

“जाड आहे ना?”

“मजबूत आहे,” मी म्हटलं. आई काय ते समजली. तिनं भाकरी थापायला घेतली.

पुढं काय झालं ते आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. दसऱ्याच्या आत आण्णांचा उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. त्यानंतर ते फार राहिले नाहीत. लोक अजून मला म्हणतात, तुम्ही शिकलेली माणसं, तुम्ही त्यांना थांबवायचं नाही का? मी बरं म्हणते, चूक झाली म्हणते. आता इतक्या वर्षांनी भांडत कोण बसणार? पण त्यांना वाटतं आम्हाला कुणाला काही कळलं नाही, आणि तिथं त्यांचं चुकतं. त्यांनी तो चढ बघितलेला नाही.

त्या रविवारी शर्यतीत आण्णांच्या शेजारी बसायचा मान हिंदुरावकाकांचा होता. मी त्यांना म्हटलं, आज मी बसते. ते लगेच उतरले. कधी नव्हे ते भांडले नाहीत.

मी हेल्मेट घातलं, सीटचा पट्टा लावला आणि चपला काढून मागं टाकल्या. आण्णांनी ते बघितलं.

“चपला का काढल्यास?”

“तुमची लेक आहे म्हणून.”

त्यांना ते एवढं आवडलं की त्यांनी माझ्या हेल्मेटवर टपली मारली. “बघू, ऐकू येतंय का तुला!”

आणि खरंच ऐकू आलं हो. इंजिन सुरू झालं आणि ती प्लेट तळव्याखाली बोलायला लागली. बारीक, सगळीकडून, हाडातून वर. मी चकितच झाले. जन्मभर मला वाटत होतं आण्णा जरा थापाच मारतात. म्हणजे या माणसाला हे असं सगळं रोज कळत होतं, आणि मग एक दिवस कळायचं बंद झालं, आणि त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

चिखल गेला. ओढा गेला, पाणी आत आलं, प्लेट गार झाली. मी मनात म्हटलं, वाचलो बहुतेक. माळावर माणसं ओरडत होती, “केरबाआण्णा! हाण!” आण्णा काय चालवत होते म्हणून सांगू! गुडघ्यानं, हातानं, कानानं, जे काही उरलं होतं त्या सगळ्यानं.

मग तो दगडाचा चढ लागला. पहिला गिअर, इंजिन किंचाळतंय, गाडी इंचाइंचानं वर. आधी तळवा नुसता कोमट झाला. मग चटका बसला. मग मला पाय ठेवताच येईना. मी बोटं वर घेतली, टाच वर घेतली, एक पाय दुसऱ्यावर ठेवला.

आण्णांचा उजवा पाय ॲक्सिलरेटरवर होता आणि टाच प्लेटवर. घट्ट रोवलेली.

“आण्णा! पाय उचला!”

“काय?”

“पाय! प्लेट तापलीय!”

“ऐकाय येईना!” ते समोर बघत हसत ओरडले.

तिथं थांबलं तर गाडी मागं घरंगळणार. दोन्ही बाजूला दगड, मागून दुसरी बग्गी चढत होती. मी आवाज बसेपर्यंत ओरडले. मग पायाशी पडलेली पाण्याची बाटली घेतली आणि सगळी त्यांच्या टाचेवर ओतली.

चर्र झालं. वाफ उठली, त्यांच्या गुडघ्यापर्यंत आली.

आण्णांनी खाली बघितलं. वाफेत त्यांचा स्वतःचा पाय होता, त्याच्याकडं ते, दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसे बघत राहिले. मग मान वळवून माझ्याकडं बघितलं. हसू गेलं होतं.

“लई तापलंय का गं?” त्यांनी विचारलं.

साठी उलटलेला माझा बाप मला विचारत होता, त्याच्या पायाखाली काय आहे ते. सगळ्या उद्यमनगराला सांगणारा माणूस.

“लई तापलंय आण्णा,” मी रडत म्हटलं. “टेकवत नाही हो.”

त्यांनी माझ्या पायांकडं बघितलं. लाल झालेले तळवे, एकावर एक घेतलेले. एक पाय मी परत खाली टेकवला होता, त्यांच्या टाचेशेजारी. कशाला ते मला अजून सांगता येत नाही. जे त्यांना लागत नव्हतं ते कुणाला तरी लागायला हवं, असं काहीतरी वाटलं असेल.

“मग वर घे की पाय, खुळे!” ते कळवळून ओरडले. “भाजंल न्हवं!”

आणि त्यांनी ॲक्सिलरेटर आणखी दाबला, म्हणजे मला लवकर वर नेता येईल.

मी पाय तसाच दाबून धरला. माथा समोर दिसत होता, जवळच होता, वर उभी असलेली माणसं हात हलवत होती. म्हटलं तिथंपर्यंत तरी धरायचा. नाही जमलं. कळ मस्तकात गेली आणि मी पाय वर घेतला.

त्यांचा तिथंच होता.